न आलेल्या पिक्चरची कॅसेट

कापूस घरात यायला लागला की माझा संशय जागा होतो. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, पेटीतले स्वेटर आठवतात. मला आठवतं टेपरेकॉर्डरचं आवाजाचं बटन. कोणीतरी ते शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं असायचं. कोणी, हे त्या हंगामात आमच्या घरात प्रत्येकानं प्रत्येकाला विचारलं. तोंडानं कमी आणि डोळ्यांनी जास्त.

तशी मी जन्माचीच संशयी. एस.टी.च्या पाटीवर माझा विश्वास नाही, 'ताजीच आहे' म्हणणाऱ्या भाजीवाल्यावर नाही, आणि 'आई, तुला खरं सांगते' असं म्हणून बोलायला सुरुवात करणाऱ्या पोरीवर तर मुळीच नाही. यंदा दिवाळीला ही पोरगी, आर्या, पुण्याहून लोणारला आली ती कानात ती पांढरी बोंडं घालूनच. हाका मारमारून माझा घसा बसला तेव्हा तिनं एक बोंड काढलं. आपल्याच घरात आपल्याला कोणी ऐकत नाही, याची मला जुनी सवय आहे. म्हणून राग येत नाही असं नाही.

"काय ऐकून राह्यली एवढं?"

"ग्रंज," ती म्हणाली. "तुला नाही कळणार, आई."

आणि मग न कळणाऱ्या बाईला कळावं म्हणून तिनं भाकरीचा तुकडा हातात धरून सगळं सांगितलं. अमेरिकेतल्या एका पावसाळी शहरात काही पोरं तळघरात, गॅरेजात गिटारी वाजवायची. मळकट, खरखरीत वाजवायची, घसा फाटेस्तोवर ओरडायची. बाहेर त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. मग त्या शहरातल्या पोरापोरींवर एक पिक्चर निघाला, त्यात ही गाणी घातली, आणि गाण्यांची कॅसेट पिक्चरच्याही आधी घराघरात जाऊन पोचली.

"कोणाच्या घरात?" मी विचारलं.

"म्हणजे लोकांच्या. साध्या लोकांच्या."

"मलकापूरले पोचली होती," मी म्हटलं. "पिक्चर नाही आला. कॅसेट आली होती."

आर्यानं दुसरंही बोंड काढलं.

आमचं घर मलकापूरला, स्टेशनाच्या मागच्या अंगाला. बाबा जिनात फिटर. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई मोकळी करायचा कारखाना. दिवाळी झाली की भोंगा वाजायचा आणि होळीपर्यंत जिन थांबायचं नाही. कापसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत. हवेत रुई, वाळत घातलेल्या लुगड्यावर रुई, दह्यावर रुई, बाबांच्या भुवयांवर रुई. हंगामात बाबा एकदम म्हातारे होऊन घरी यायचे आणि अंघोळ केली की परत तरुण व्हायचे. आणि तो आवाज! घरघर, खडखड, मधूनच पट्टा घसरला की किंकाळी. पाहुणे म्हणायचे, बाप्पा, झोपता कसे तुम्ही? आम्हाला मात्र जिन बंद पडलं की झोप यायची नाही.

बाबा कमी बोलायचे आणि हाक मारली तरी वळायचे नाहीत. मोठ्या साहेबासारखं करतात, असं सुनीलदादा म्हणायचा. जेवायला मात्र ते नेहमी आईच्या समोरच बसायचे. कोणी पाट इकडचा तिकडं केला तर उचलून परत तिथंच मांडायचे, आणि जेवणभर आईच्या तोंडाकडं बघायचे. मला वाटायचं, हा बायकोवर नजर ठेवायचा प्रकार आहे. पुरुषांबद्दलचं माझं मत तेव्हापासूनच बरं नाही.

दादा खामगावला शिकत होता, शनिवारी घरी यायचा. होस्टेलमधल्या एका मुंबईच्या पोरानं त्याला कॉपी केलेली एक कॅसेट ऐकवली होती आणि त्या आवाजानं दादाला याड लागलं होतं. "शोभे, हे आपल्या जिनावानी वाजते," तो मला सांगायचा, "फक्त याच्यात माणूस हाये." मलकापुरात हा आवाज आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, याचा त्याला कोण अभिमान! मिशी नुकती फुटली होती, अभिमानाला दुसरं काही नव्हतंच.

स्टेशन रोडच्या कॅसेटवाल्याकडं कॅसेट पिक्चरच्या नावानं लावलेल्या असायच्या. आपल्याकडं गाणं एक तर पिक्चरचं असतं नाहीतर देवाचं. तिसरी फळी त्या दुकानात नव्हती. त्या बिचाऱ्यानं ही इंग्रजी कॅसेट भरली ती पिक्चरची म्हणून, आणि वरच्या फोटोत पोरगा-पोरगी दिसली म्हणून. त्याला वाटलं, प्रेमाची गाणी असतील, लग्नसराईत खपेल. लावून पाहिली तेव्हा त्याचं काय झालं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. दादा दिसला तशी त्यानं ती त्याच्याच गळ्यात मारली. "घेऊन जाय बे. पिक्चर आपल्या टॉकीजले येऊनच राह्यला. मंग नाही भेटणार." दादा दर शनिवारी आधी टॉकीजचं पोस्टर पाहून यायचा आणि तोंड पाडून घरात शिरायचा. पिक्चर काही आला नाही.

पण पिक्चरचं नाव लागल्यावर लोकांची भीती कशी जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नुसता इंग्रजी बँड म्हटला असता तर आईला दारू आणि गांजाच आठवला असता. पिक्चरचे गाणे म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग लाव ना, पण आवाज कमी." गल्लीतल्या पोट्ट्या येऊन विचारायला लागल्या, याच्यात हिरोईनचं गाणं कोणतं? आणि ज्या बाबांनी जन्मात कधी गाण्याची चौकशी केली नव्हती, त्यांनी दादाच्या तोंडाकडं टक लावून विचारलं, "पिक्चरचे गाणे हायेत का? ठेव मंग इथंच."

दादाला हे रुचेना. संक्रांतीच्या सुमाराला स्टेशनवरचे दोन-तीन पोट्टे बनियनवर चौकड्याचे शर्ट उघडे टाकून फिरायला लागले, कारण कॅसेटच्या आतल्या कागदावर तसे फोटो होते. आता खरं सांगायचं तर जिनातले हमाल थंडीत अगदी तसाच शर्ट घालतात. त्यांचा फोटो कोणी काढत नाही, ही गोष्ट वेगळी. "पिक्चरवाल्याईनं हात लावला का गेलं सारं," दादा चिडून म्हणायचा. त्याचा संशय पिक्चरवर, आईचा कॅसेटवर आणि माझा सगळ्यांवर.

कारण दादा नसतानाही ती कॅसेट कोणीतरी वाजवत होतं. मी कॉलेजातून आले की टेपवरच्या कापडाची घडी बदललेली असायची. टेप कोनाड्यातून उतरून लोखंडी पेटीवर आलेला. आवाजाचं बटन शेवटाला. आणि कॅसेट दर वेळी एकाच ठिकाणी थांबलेली, दुसऱ्या बाजूच्या एका गाण्याच्या मध्यावर. तिथली फीत पुढं पुढं अशी झिजली की गाण्याच्या जागी नुसती खरखर यायची. दादानं दुकानदाराला शिव्या घातल्या, "डुप्लिकेट माल देल्ला लेकाच्यानं." मला ते पटलं नाही. डुप्लिकेट माल पहिल्या दिवसापासून डुप्लिकेट असतो, तो हळूहळू होत नाही.

शेजारच्या काकूंनी एक दिवस कुंपणावरून विचारलं, "काय वं शोभे, दुपारी तुमच्या घरी एकदम धडाडधूम होते आन् लगेच बंद होते. कोण येते तुमच्या इथं?" त्या 'कोण'मध्ये एक आख्खा पोट्टा उभा होता. आई दुपारी शिवणकामाला जायची, बाबा रात्रपाळी करून झोपलेले असायचे, उरले कोण? आईनं काकूंचं ऐकलं आणि तिथून तिचं माझ्याकडं बघणं बदललं. कढीला फोडणी देताना ती कढीशी बोलायची, "पाणी कुठीतरी मुरून राह्यलं." कढीला काय कळणार? ते मला होतं. मीही मनात म्हणायची, मुरूनच राह्यलं, पण माझ्याकडं नाही.

एका दुपारी मी शेवटचा तास बुडवला आणि मागच्या दारानं पाय न वाजवता घरात शिरले. नेमकी त्याच वेळी आई शिवणकाम टाकून, चपला हातात घेऊन पुढच्या दारानं आली. एकमेकींना पकडायला निघालेल्या आम्ही दोघी मधल्या खोलीच्या दारात समोरासमोर उभ्या! आत बाबा होते.

ते पेटीपुढं जमिनीवर बसले होते, आमच्याकडं पाठ करून. टेपच्या स्पीकरवर तळवा ठेवलेला. जिनातही ते असाच हात मशीनवर ठेवायचे म्हणे. बाजूनं चेहरा दिसत होता, आणि तसा चेहरा मी फक्त दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांचा पाहिला आहे. त्यांनी बटन दाबलं, नुसती खरखर आली, थोडं थांबले, मान हलवली, फीत मागं घेतली, परत दाबलं. परत मागं. मला हसूच यायला लागलं. म्हटलं, बाबांना टेपची बटनं समजत नाहीत. एकदा त्यांना उशीर झाला आणि ते धडाडधूम सुरू झालं, खिडकीच्या काचा थरथरल्या. बाबांनी झटक्यानं बंद केलं.

"बाबा," मी म्हटलं. मग मोठ्यानं, "बाबा!" हात लांबवला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता, एवढी मी जवळ. त्यांनी मान वळवली नाही.

आईनं मला ओढत चुलीपाशी नेलं. "हळू बोल," ती म्हणाली आणि स्वतःच तोंडात पदर घालून रडायला लागली. "ऐकू नाही येत वं त्याइले. मागच्या हंगामापासून. कोणाले बोलशील तं माह्यं मेलं तोंड पाहशील. दादालेई नाही सांगायचं." मला समजायला वेळ लागला नाही. कापसातून खिळा आला, दगड आला, तर रोलरमध्ये आधी टकटक होते, मग ठिणगी, मग आग. ती टकटक फिटरनं सगळ्यांच्या आधी ऐकायची असते. बाबा तळव्यानं ओळखत होते म्हणून चाललं होतं, पण तळव्यानं ऐकणारा फिटर कोण ठेवणार? नोकरी गेली की घर जाणार, कारण घर जिनाचंच होतं. दादाचं शिक्षण जाणार. आणि तेव्हा मला तो पाटही कळला. दार वाजलं की आई दाराकडं बघायची, आणि बाबा म्हणायचे, "कोण आलं पाह्य." मी त्या माणसावर काय काय संशय घेतला होता!

त्या दिवसापासून मी सगळ्या गावाकडं चोरासारखी बघायला लागले. याला माहीत असेल का? त्याला? आणि ज्याची भीती होती तेच झालं. देवराव मिस्त्री, जिनातले मुख्य, मालकाच्या मर्जीतले, कधी न येणारे, एका संध्याकाळी चहाला आले. आल्या आल्या बाबांना म्हणाले, "इकडं उजेडाले बसा ना," आणि नेमकं आईकडं पाठ होईल असं बसवलं. गोड बोलत होते, तेव्हाच मला वाटलं, डाल में कुछ काला है. बोलता बोलता ते उठले आणि पाण्याचा पेला हातात घेऊन बाबांच्या मागं गेले. मी पोह्यांची बशी घेऊन बाबांच्या समोर. देवरावांनी पेला फरशीवर सोडला. निसटला नाही, सोडला. बोटं उघडताना मी पाहिली. आणि मी अशी दचकले, अशी दचकले, की अर्धे पोहे खाली. मग मुद्दाम देवरावांच्या पायाकडं पाहिलं, डोळे मोठे करून. बाबांचे डोळे माझ्या तोंडावर होते. मागं न वळता ते म्हणाले, "राहू द्या देवराव, पोट्टी उचलते पेला."

देवरावांचा चहा तसाच राहिला. जाताना दारात त्यांनी एवढंच म्हटलं, "दुपारी टेप लई जोरात वाजते म्हणतात तुमच्या घरी." आई काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी लावतो. मले तसंच आवडते."

झालं! मलकापुरात मी इंग्रजी गाण्याची शोभी झाले. लोणारचे पाहुणे बघायला आले तेव्हा काकूंनी हे त्यांच्याही कानावर घातलंच. लग्न झालं ते झालं, पण नवऱ्याला आजही वाटतं की कॅसेट कोण्या पोट्ट्यानं दिली होती. सरोवराकडं फिरायला गेलो की मधेच विचारतात, "आता तरी सांग, कोण होता?" मी सांगत नाही. त्यांना विचारायला काहीतरी राहू द्यावं.

बाबांची नोकरी त्या हंगामात टिकली आणि पुढंही टिकली. लपवायचं काही उरलं नाही तेव्हा ही गोष्ट आमच्याकडं हसण्यावारी निघाली: बाबांना दुसरं काही ऐकू यायचं नाही, धिंगाणा तेवढा यायचा, म्हणून इंग्रजी गाणी आवडायची. मीही हसायची. दूध उतू गेलं तरी ज्या बाईला त्यात कोणाचा तरी हात दिसतो, तिनं या एका गोष्टीवर कधी संशय घेतला नाही.

यंदा आर्यानं ती गाणी फोनवर शोधली. "कोणतं?" तिनं विचारलं. "दुसऱ्या बाजूचं, मधलं," मी म्हटलं. तिला बाजू ही भानगडच माहीत नाही, एकेक लावत गेली. मी सुरुवातीलाच ओळखलं. आता खरखर येणार म्हणून थांबले. ती आली नाही. तिथं एक माणूस गात होता. अगदी हळू, उशीत तोंड खुपसून बोलावं तसं, एकट्या गिटारीवर. तो आमच्या कॅसेटवर नव्हता. असणार, पण झिजून गेला होता. त्याचं संपलं आणि मग ते ओळखीचं धडाडधूम.

तव्यावरची भाकरी जळाली. धिंगाणा नव्हताच ऐकायचा बाबांना. धिंगाणा सुरू झाला की ते बंद करत होते. ते त्या हळू माणसाला शोधत होते. काल जेवढा आला तेवढा आज येतो का, एवढंच, रोज दुपारी, घर रिकामं असताना, एकट्यानं. आणि मागं घेऊन घेऊन तीच जागा झिजत गेली. मग त्यांना काय वाटलं असेल? कान चालला की फीत चालली, हे सांगणार कोण? विचारणार कोणाला? आम्ही तर एकमेकींवर पाळत ठेवून होतो. मला भडभडून आलं. आर्या म्हणाली, "आई, काय झालं? गाणं आवडलं?" मी म्हटलं, "हो, लई."

त्याच आठवड्यात तिला घेऊन मलकापूरला गेले. वाटेत उंद्रीच्या शिवारात वेचणी चालू होती, बायकांच्या पाठीवर कापसाच्या ओट्या फुगलेल्या. आई आता नाही. बाबा दादाकडं असतात. कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते डबीत असतं. घातलं की कावळ्यांची सभा भरते म्हणतात. अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते. आर्याचा तो डबीएवढा स्पीकर मी त्यांच्या हातात दिला आणि ओठ सावकाश हलवून म्हटलं, "बाबा, तेच गाणं. कॅसेटवालं."

"पिक्चर लागला का मंग?" बाबांनी विचारलं. दादा हसत सुटला.

गाणं सुरू झालं. बाबांनी स्पीकर मांडीवर ठेवून त्यावर तळवा ठेवला, आणि डोळे माझ्या तोंडावर. मला वाटलं होतं, सुरुवात संपली की त्यांच्या तळव्याला धडाडधूम लागेल आणि ते खूश होतील. तो हळू माणूस गायला लागला तसा, तो गातोय हे त्यांना माझ्या तोंडावरून कळू नये म्हणून, मी चेहरा दगडासारखा केला. हा चेहरा करायला मी जिनाच्या त्या घरात शिकले आहे.

"लागलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "लागाचं हाये अजून."

त्यांनी माझे ओठ वाचले. मग नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. तिथं आर्या उभी होती, डोळे मिटून, आणि तिचे ओठ हलत होते.

"ते तं गाणं म्हणून राह्यली वं," बाबा म्हणाले.

मी मागं वळले. आर्यानं घाबरून गाणं थांबवलं. बाबा रागावले नाहीत. तळवा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, अगदी साधं, जेवण झालं का विचारावं तसं, "तव्हा काय खराब झालं होतं? कॅसेट का माह्ये कान?"

"कॅसेट," मी म्हटलं. "कॅसेटच झिजली होती, बाबा."

हे खरं होतं. निदान त्या जागेपुरतं तरी पुरतं खरं होतं. पण आत्ताच खोटं बोलताना मी सापडले होते. बाबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले, देवरावांचा पेला पडला तेव्हा बघत होते तसे, आणि त्यांना तिथं काय दिसलं कोण जाणे. मग ते आर्याला म्हणाले, "तू सांग."

आर्या पुढं आली आणि त्यांच्या समोर बसली, आई बसायची तशी. "कॅसेट, आजोबा," ती ओठ मोठे करून म्हणाली. "कॅसेट."

"हाव का," बाबा म्हणाले, आणि मांडीवरच्या त्या डबीला सगळीकडून चाचपत आवाजाचं बटन शोधायला लागले.